नगर रस्त्याची खडी

आज आम्ही तुम्हाला एका रस्त्याची गोष्ट सांगणार आहोत. रस्ता तुमच्या-आमच्या ओळखीचाच आहे. पुण्याहून निघतो आणि येरवडा, वाघोली, कोरेगाव, शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर, सुपा असं करत नगरला पोचतो. सगळा मिळून साधारण एकशे वीस किलोमीटर. वाघोलीत राहणाऱ्या कुठल्याही बाईला या रस्त्याबद्दल विचारा, ती आधी गाड्यांच्या रांगेबद्दल बोलेल, मग धुळीबद्दल, मग रस्ता ओलांडताना पोराचा हात कसा घट्ट धरावा लागतो त्याबद्दल. इतिहासाचं नाव ती काढणार नाही. त्यात तिची चूक नाही, रस्त्याने तिला तेवढी उसंतच दिलेली नाही.

आमच्या बचत गटांची वर्षातून एकदा सहल निघते. बहुतेक वेळा देवदर्शनच असतं. यंदा बायांनी म्हटलं, लांब कुठं जायला नको, आपलाच रस्ता एकदा सावकाश बघू. आमच्या गटांतल्या निम्म्याहून जास्त बाया याच रस्त्याने वाघोलीत आलेल्या. कुणी पारनेरकडून, कुणी शिरूर तालुक्यातून, कुणी पाथर्डी-शेवगावहून. आल्या त्या रात्रीच्या एसटीत, मांडीवर पोर आणि पायाशी भांड्यांचं बोचकं घेऊन. बाहेर काय आहे ते बघायचं भान कुणाला होतं? म्हणून ठरलं की दोन दिवस काढायचे, गाडी हळू चालवायची, वाटेल तिथं थांबायचं. गाडीवाल्या दादांना हे पटेना. “तीन तासांचा रस्ता आहे, दोन दिवस करणार काय?” पहिल्या दिवशी दुपारपर्यंत ते हेच विचारत होते.

निघायच्या आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. हा रस्ता पावसाकडून दुष्काळाकडे जातो. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो. तेच ढग घाट ओलांडून पूर्वेला सरकले की रिकामे होत जातात. शिरूर, पारनेर, नगर या पट्ट्यात पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पडला तरी लोक वर्ष बरं गेलं म्हणतात. राजस्थानासारखं वाळूचं वाळवंट इथं नाही, पण घोडनदी ओलांडली की मे महिन्यात जो माळ लागतो त्यावर नजर ठरत नाही. मुरूम, खुरटी बाभळ आणि वर आभाळ. या रस्त्याचा इतिहास समजायचा तर आधी ही कोरड समजायला हवी.

आम्ही सुरुवात उलटीकडून केली. वाघोलीहून आधी पुण्याच्या दिशेला गेलो, आगाखान पॅलेसला. नगर रस्त्याला लागूनच आहे. या रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्या आमच्या बायांपैकी आत गेलेल्या दोघीच निघाल्या. हा वाडा तिसऱ्या आगाखानांनी १८९२ मध्ये बांधून घेतला. आजूबाजूच्या गावांत दुष्काळाने लोकांचे हाल चालले होते, त्यांच्या हाताला काम मिळावं म्हणून बांधकाम काढलं, अशी त्याची हकीगत सांगतात. म्हणजे ही ऐसपैस कमानींची हवेली हेसुद्धा एक दुष्काळी कामच. पुढं १९४२ मध्ये इंग्रज सरकारने गांधीजी, कस्तुरबा, सरोजिनी नायडू, महादेवभाई देसाई यांना इथं कैदेत ठेवलं. महादेवभाई आठवड्याच्या आतच, १५ ऑगस्ट १९४२ ला गेले. कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला गेल्या, कैदेतच. दोघांच्या समाध्या मागच्या बागेत आहेत. आमच्यातल्या एकीने कस्तुरबांच्या समाधीवर कनेरीचं फूल ठेवलं आणि म्हणाली, “एवढ्या मोठ्या घरात राहून बाईला घरी जाता आलं नाही.” मग गाडी पूर्वेला वळवली.

वाघोलीत वाघेश्वराच्या देवळापाशी थांबलो. आपल्याच गावात पाहुण्यासारखं थांबायला मजा वाटली. देवळाजवळ पिलाजी जाधवरावांची समाधी आहे. शाहू महाराजांच्या आणि बाजीराव पेशव्यांच्या काळातले हे मोठे सरदार. वाघोली म्हणजे जाधवरावांचं गाव, ही ओळख अजून आहे. २०२१ पासून वाघोली पुणे महापालिकेत आली, पण म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी गावच आहे.

वाघोलीची दुसरी ओळख खाणींची. पुण्यात गेल्या तीस-चाळीस वर्षांत जे इमले उभे राहिले त्यांच्या पोटात वाघोलीच्या खाणीतला काळा दगड आहे. क्रशरवर काम करणाऱ्या बाया आमच्या गटांत आहेत. मूळच्या वडार समाजातल्या काहीजणी पिढ्यान् पिढ्या दगड फोडत आल्या. त्यांना दगड बघून कळतं तो कुठून फुटेल. आम्ही बीए झालो, पण खडी म्हणजे काय ते आम्हाला त्यांनी शिकवलं. अर्ध्या इंचाची वेगळी, पाऊण इंचाची वेगळी, रस्त्याच्या तळाला जाड दगड बसतो, त्यावर बारीक, मग मुरूम, मग रूळ फिरतो. शंभर घनफूट झाली की एक ब्रास. आता हे काम यंत्र करतं. पूर्वी हातोडीने व्हायचं, आणि ती हातोडी बहुतेक करून बाईच्या हातात असायची. घण पुरुषाकडे, हातोडी बाईकडे. पुढं सगळा रस्ताभर आम्ही हेच धरून बघत गेलो, की हा रस्ता कुणाच्या हातचा आहे.

कारण पुस्तकात रस्त्याचा इतिहास लिहितात तो त्यावरून गेलेल्यांचा असतो. कोणाची फौज गेली, कोणता साहेब गेला, कोणाची पालखी गेली. त्यातलाही काही भाग ऐकण्यासारखा आहेच. कोरेगाव भीमाचं घ्या. १ जानेवारी १८१८ ला इथं इंग्रज कंपनीची एक तुकडी आणि दुसऱ्या बाजीरावाची फौज यांची लढाई झाली. ही तुकडी शिरूरच्या छावणीतून ३१ डिसेंबरला रात्री आठच्या सुमारास निघाली होती. कॅप्टन स्टाँटन तिचा मुख्य. आठशेच्या आसपास माणसं आणि दोन तोफा. रात्रभर याच रस्त्याने चालत सकाळी दहाच्या सुमारास ती भीमेपाशी आली. चाळीसेक किलोमीटरची चाल झाली, आणि थेट लढाईला तोंड लागलं. दिवसभर त्यांना पाणी मिळालं नाही. नदी डोळ्यांसमोर, घसा कोरडा. अंधार पडून मारा थांबला तेव्हा कुठे पाणी हाती आलं. आमच्यातल्या बाया लढाईची वर्णनं ऐकताना जरा चुळबुळत होत्या, पण पाण्याचं ऐकलं आणि सगळ्या गप्प झाल्या. समोर नदी असून हंडा रिकामा असणं काय असतं ते त्यांना ठाऊक आहे.

तिथला जयस्तंभ तुम्ही पाहिला असेल. त्यावर पडलेल्या शिपायांची नावं कोरली आहेत, ४९ नावं. त्यांतली २२ महार शिपायांची, शेवटी ‘नाक’ लागणारी. ज्या माणसांना गावात सावली पडू देण्याची बंदी होती त्यांची नावं सरकारी दगडावर कोरली गेली. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ ला इथं आले ते म्हणूनच. नाव कोरलेलं असलं की शंभर वर्षांनीसुद्धा कुणी तरी येऊन ते वाचतं आणि त्यातून बळ घेतं. आम्ही ती नावं एकेक करून मोठ्याने वाचली. वेळ लागला, पण वाचली.

सणसवाडी, शिक्रापूर लवकर मागं टाकलं. दोन्हीकडे कारखाने, गोदामं, कंटेनरच्या रांगा. रांजणगावला गणपतीचं दर्शन घेतलं. अष्टविनायकांतला हा महागणपती. गाभारा थोरल्या माधवरावांच्या वेळचा म्हणतात. दर्शनानंतर देवळाबाहेर डबे सोडले. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, लसणाची चटणी आणि एकीने आणलेलं खरवस. जेवताना कुणी तरी विचारलं, इथून करडे किती लांब? आमच्या एका गटातली सून करड्याची आहे.

करडे म्हणजे शिरूर तालुक्यातलं छोटं गाव. त्याची गोष्ट बचत गटातल्या प्रत्येक बाईने ऐकावी अशी आहे. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१८७४ साल. शेतसारा वाढलेला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मध्यंतरी इथल्या कापसाला भाव चढला होता, ते युद्ध संपलं आणि भाव कोसळला. शेतकरी सावकाराच्या दारात. सावकार खतावर अंगठा घ्यायचा, काय लिहिलंय ते अंगठा देणाऱ्याला वाचता यायचं नाही. व्याजावर व्याज, मग कोर्टाचा हुकूमनामा, मग लिलाव. करड्यात काळूराम नावाच्या सावकाराने गावचे बाबासाहेब देशमुख यांच्यावर दीडशे रुपयांचा हुकूमनामा आणला आणि त्यांचं घर घेतलं. देशमुखांसारख्या घरंदाज माणसाच्या डोक्यावरचं छप्पर दीडशे रुपयांपायी जातं हे बघून गाव बिथरलं. गावाने काठी उचलली नाही. गावाने बहिष्कार घातला. सावकाराची जमीन कुणी कसायला घेईना, त्याच्या घरी कुणी कामाला जाईना, न्हावी हजामतीला येईना. ही रीत बघता बघता आसपासच्या गावांत गेली.

पुढच्या वर्षी, १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात दंगल झाली. इथं एक खुलासा करतो, कारण गाडीत यावरून वाद झाला. सुपे दोन आहेत. नगर रस्त्यावरचं सुपा पारनेर तालुक्यातलं, आणि दंगल झाली ते सुपे बारामतीकडचं. तिथून ती लाट शिरूर आणि नगरकडच्या गावांत पोचली. या लोकांनी माणसं मारली नाहीत, असं सरकारच्याच चौकशीत आलं. जवळजवळ सगळीकडे त्यांनी एकच केलं. सावकाराकडून खतं आणि रोखे मागून घेतले आणि जाळले. दिले नाहीत तिथं मोडतोड केली, गंजी पेटवल्या. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जाचा कायदा आला. त्याने कोर्टाला कर्जाच्या मुळाशी जाऊन हिशेब तपासायची मोकळीक मिळाली. मूळ रक्कम किती, व्याज किती, फेडलं किती, हे बघा, नुसतं खत बघू नका.

आपल्या गटाच्या बैठकीत प्रत्येक हप्ता मोठ्याने वाचून लिहितात, आणि निरक्षर बाईलाही पासबुकात काय लिहिलं ते सांगावं लागतं. कधी कधी बायांना हा जाच वाटतो. चहा थंड होतो, घरी सासू वाट बघते. पण दीडशे वर्षांपूर्वी याच तालुक्यात न वाचलेल्या कागदावर घरं गेली आहेत. हे सांगितल्यापासून आमच्या दोन गटांत वाचन चालू असताना कुणी उठून जात नाही.

शिरूरला पोचायला दुपार टळली. शिरूर म्हणजे जुनी घोडनदीची छावणी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांची मोठी फौज इथं असायची. इथं कर्नल वॉलेस नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची कबर आहे, १८०९ ची. गंमत अशी की गावातल्या लोकांनी त्याला सत्पुरुष ठरवलं, आणि सुगीचं पहिलं धान्य त्याच्या कबरीवर ठेवायची चाल पडली. जुन्या गॅझेटियरमध्ये तशी नोंद आहे. आपली माणसं कुणाला देव करतील सांगता येत नाही. घोडनदीचा पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपतो, नगर जिल्हा लागतो. वारं बदललेलं गाडीतही कळतं.

इथून पुढं मात्र गाडी खरंच हळू चालवायला सांगितली.

१८७६ मध्ये पाऊस गेला. सगळ्या दख्खनवर जो दुष्काळ आला तो दोन वर्षं हटला नाही. पुणे आणि नगर हे दोन्ही जिल्हे होरपळले. सरकारने दुष्काळी कामं काढली. तळी, कालवे, रस्त्यांची खडी, माती. दौंड-मनमाड रेल्वेचं मातीकामही त्याच काळातलं, १८७८ मध्ये ती लाईन सुरू झाली, आणि नगरला पहिली आगगाडी दुष्काळी मजुरांच्या हातांवरून आली. त्या कामांचे मजुरीचे दर गॅझेटियरमध्ये छापले आहेत. पुरुषाला दिवसाला दोन आणे. बाईला दीड आणा. काम करू शकणाऱ्या पोराला एक आणा. १८७७ च्या सुरुवातीला सरकारने खर्च जास्त होतो म्हणून हेही कमी केलं. तेव्हा कितीतरी ठिकाणी लोकांनी काम टाकलं आणि घरी निघून गेले. उपाशी माणसांनी केलेला संपच तो. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढं मांडली.

दीड आणा. गाडीत यावर बराच वेळ बोलणं झालं. खाणीत काम केलेली आमची एक ताई म्हणाली, “खडीचा ढीग मोजताना कुणी म्हणतं का की ही बाईने फोडली आणि ही बाप्याने? ब्रास तो ब्रासच.” बाईला अर्धा आणा कमी का, याला त्या छापील दरांत कारण दिलेलं नाही. कारण द्यायची गरजही कुणाला वाटली नसेल.

त्या दुष्काळाचं बाईने लिहिलेलं एक पत्र आहे. सावित्रीबाई फुल्यांनी २० एप्रिल १८७७ ला जुन्नर तालुक्यातल्या ओतूरहून जोतिरावांना लिहिलेलं. त्यात त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं आहे. साल उलटलं तरी दुष्काळ गेलेला नाही, जनावरं मरून पडत आहेत, नद्या-ओढे आटले आहेत, माणसं गाव सोडून चालली आहेत, आणि अशातही सावकार नाडतो आहे. सत्यशोधक समाजाची माणसं गावोगाव मदतीला फिरत होती, सावित्रीबाई त्यांच्यात होत्या. सरकारी अहवालात दुष्काळ म्हणजे आकडे आहेत, किती मजूर कामावर, किती पैसा खर्च. या पत्रात दुष्काळ म्हणजे कोण कुठं चाललंय ते आहे. दोन्ही लागतं, पण आधी हे पत्र वाचावं असं आमचं मत. आठवीत शिकणारी मुलगी घरात असेल तर तिच्याकडून वाचून घ्या.

वाडेगव्हाणच्या अलीकडे एका मोठ्या लिंबाखाली गाडी थांबवली. तिथून राळेगणसिद्धीला फाटा जातो. पाणी अडवून गाव कसं उभं राहिलं ते पाहायला इथं सगळ्या राज्यातून लोक येत असतात, आपले कितीतरी गट जाऊन आलेले आहेत, म्हणून आम्ही तिकडं वळलो नाही. लिंबाच्या सावलीत बसलो. रस्त्याच्या कडेला काँग्रेस गवत माजलेलं होतं. एकीने ते उपटायला सुरुवात केली, सवयीनेच. हे गवत देशात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते आपल्या पुण्यातच, १९५० नंतरच्या दशकात. परदेशी धान्याबरोबर आलं म्हणतात. तेवढं निमित्त झालं आणि आमच्या गटातल्या एक आजी बोलायला लागल्या. “धान्य म्हणशील तर मिलो. लाल ज्वारी. बहात्तरला तीच खाल्ली.”

१९७२. आमच्यासारख्या तिशीतल्या बायांचा तेव्हा जन्मही नव्हता. आम्ही ऐकत आलो ते एवढंच, की ‘बहात्तरचा दुष्काळ’. आजी पारनेर तालुक्यातल्या. त्यांनी हातवारे करत सगळं सांगितलं. सकाळी अंधारात भाकरी बांधून निघायचं, दोन-तीन कोस चालत कामावर. मुकादम मस्टरवर नाव घ्यायचा. बायांनी चौकोनी ढीग रचायचे, खडीचे, म्हणजे मोजायला सोपे. एका हाताने दगड धरायचा, दुसऱ्या हाताने हातोडी. बोटांना चिंध्या बांधायच्या, तरी नखं जायची. कपची डोळ्यात जाऊ नये म्हणून मान एका बाजूला वळवून घाव घालायचा. तान्ही पोरं झाडाला झोळी बांधून. पाण्याचा टँकर आला की आधी पोरं, मग म्हातारी, मग बाया. कुठं खडी, कुठं पाझर तलाव, कुठं नालाबांध, कुठं रस्त्याची माती. आणि सुकडी. सुकडी म्हटल्यावर गाडीतल्या सगळ्या साठीपुढच्या बाया एकदम हसल्या. दुष्काळी कामावर तो पौष्टिक चुरा वाटायचे. कुणी म्हणाली गोड लागायची, कुणी म्हणाली घशात अडकायची. आजी म्हणाल्या, आम्ही पदरात बांधून घरी न्यायचो.

हे एका तालुक्याचं झालं. मे १९७३ मध्ये साऱ्या महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. त्यांत बाया प्रचंड. कितीतरी ठिकाणी पुरुष गुरं घेऊन छावणीला किंवा कामाच्या शोधात शहराला गेलेले, आणि कामावर गाव म्हणजे बायाच. एवढा मोठा दुष्काळ पडूनही १८७६ सारखी माणसं मेली नाहीत. त्याला बरीच कारणं आहेत, पण मोठं कारण ही कामं. आणि त्या कामांमधून राज्याला जे मिळालं ते म्हणजे रोजगार हमी. वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती होते, सांगली जिल्ह्यातले. मागेल त्याला काम, हा विचार त्यांनी लावून धरला. १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. शहरातल्या नोकरदारांकडून व्यवसाय कर घ्यायचा आणि त्यातून खेड्यात काम द्यायचं, अशी त्याची रचना. देशात असा कायदा पहिला महाराष्ट्राने केला. २००५ चा देशाचा रोजगार हमीचा कायदा त्याच वाटेने आला.

आणि त्यात मजुरी बाई-बाप्याला सारखी. दीड आण्यापासून इथवर यायला शंभर वर्षं गेली. कागदावर सारखी, म्हणा. शेतात आजही बाईची रोजंदारी पुरुषापेक्षा कमी असते हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. पण सरकारी मस्टरवर सारखी झाली, आणि ती त्या चिंध्या बांधलेल्या बोटांमुळे झाली, असं आम्ही मानतो. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं ५० लाख माणसं उन्हात दगड फोडत होती. त्यांच्याकडे बघून ‘नाही’ म्हणणं सोपं नव्हतं.

मुक्काम नगरला केला, तिथल्या एका गटाच्या बायांनी आपल्या घरीच सगळ्यांची सोय केली. नगर म्हणजे आताचं अहिल्यानगर, २०२४ मध्ये नाव बदललं. अहिल्याबाई होळकर याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या, जन्म १७२५ चा. चौंडी इथून पुढं जामखेडकडे, ते दुसऱ्या सहलीला ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ला लांबून पाहिला. तो लष्कराच्या ताब्यात असतो. १९४२ ते ४५ पंडित नेहरू आणि काँग्रेसचे बडे पुढारी इथं कैदेत होते. आमच्या बायांना ओढ मात्र चांदबिबीची. नगरच्या निजामशाहीची ही लेक, विजापूरला दिलेली, नवरा गेल्यावर माहेरी आलेली. १५९५ च्या अखेरीस अकबराच्या मुलाने, मुरादने, किल्ल्याला वेढा घातला. सुरुंग लावून तटाला मोठं खिंडार पाडलं. पुरुष सरदार डगमगले तेव्हा चांदबिबी तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली, आणि रात्रीतून तट पुन्हा बांधून काढला. सकाळी मोगलांना समोर भिंत दिसली. ही हकीगत सगळ्या इतिहासात आहे. रातोरात दगड वाहून ती भिंत कुणी रचली, हे मात्र त्यात येत नाही. आमच्या खाणीवाल्या ताईचा पहिला प्रश्न तोच होता.

नगरमधली आणखी एक जागा आमच्या मनात होती. सिंथिया फरार नावाच्या अमेरिकन मिशनरी बाई १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवत होत्या. १८६२ मध्ये त्या इथंच वारल्या. जोतिराव फुले १८४८ मध्ये मित्राबरोबर नगरला आले, त्यांनी या बाईंची मुलींची शाळा पाहिली, आणि त्याच वर्षी पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनीही शिक्षिकेचं शिक्षण फरार बाईंकडे घेतलं असं सांगतात. आता बघा, पुण्याला आगगाडी आली १८५८ मध्ये आणि नगरला १८७८ मध्ये. म्हणजे जोतिराव आले ते आगगाडीने नव्हे. पुण्याहून नगरला यायचं म्हणजे ही सडक. बैलगाडीत, वाटेत मुक्काम करत, वाघोलीवरून, कोरेगावच्या भीमेवरून, घोडनदीवरून. हे ऐकल्यावर गाडीवाले दादासुद्धा म्हणाले, “मग त्यांनाही दोन-तीन दिवस लागले असणार.”

परत आल्यावर आम्ही एक काम सुरू केलं आहे, ते सांगून थांबतो. दोनशे पानी वही घेतली. आमच्या सगळ्या गटांतल्या, आणि त्यांच्या घरातल्या, बहात्तरच्या कामावर गेलेल्या बायांची नावं त्यात लिहायला घेतली आहेत. रकाने असे केले: नाव, तेव्हाचं गाव, काय काम केलं, कुठं केलं, मजुरी काय मिळाली, आणखी काही आठवण. तुमच्या गटात करायचं असेल तर बैठकीच्या शेवटी दहा मिनिटं ठेवा, एका वेळी एकाच बाईचं लिहा, आणि तिच्या शब्दांत लिहा. आकडा नीट आठवत नसेल तर रकाना मोकळा सोडा. घाई करा मात्र, कारण त्या वेळी हातोडी धरलेल्या मुली आता साठी-सत्तरीच्या पुढं आहेत.

पहिलं नाव लिंबाखाली बोललेल्या आजींचं लिहायचं ठरलं. आम्ही त्यांचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव असं लिहायला लागलो, तर त्यांनी पेन अडवलं. म्हणाल्या, “हे नको. तेव्हा माझं लगीन झालेलं नव्हतं. मस्टरवर बापाचं नाव होतं, तेच लिही.” मग आम्ही नावाच्या पुढं एक रकाना वाढवला, माहेरच्या नावाचा.